ध्वजदिनाच्या यादीत आमचे मेजर कुठे बसतात?

प्रति,
मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ठाणे व तळोजा कारागृहांतील माजी सैनिक बंद्यांना घेऊन सामूहिक कलाप्रकल्प

महोदय,
स.न.वि.वि.

मी ठाण्यात शाळेत चित्रकला शिकवत होते. दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचे झेंडे वर्गावर्गांत फिरून मीच खपवायचे. १९४९ पासून हा दिवस पाळतात, हे फळ्यावर लिहून मुलांकडून सैनिक आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी पैसे गोळा करायचे. निवृत्त झाल्यावर एका तुरुंगात चित्रकलेचे वर्ग घ्यायला गेले. कुठल्या, ते इथे लिहीत नाही.

गेटवर कंपास, कात्री आणि शार्पनर काढून घेतले. २४ पेन्सिली मोजून आत, मोजून बाहेर. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर पन्नाशीतला एक बंदी पेन्सिली गोळा करून टाचा जुळवून माझ्यासमोर उभा राहिला. "चोवीस, बाई. दोनांची टोकं मोडलीत." साताऱ्याकडचा, हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला. त्याच्या भागात कुठल्याही फौजीला मेजर म्हणतात, बराकीतही तेच नाव पडले होते. गावी बांधाच्या भांडणात बंदूक निघाली. लायसनची होती, तिच्यावरच तो सिक्युरिटीची नोकरी करायचा. एक माणूस गेला. त्या घरातल्या कुणी हे पत्र वाचले तर राग येईल, आणि तो रास्तच असेल.

चित्र काढायला मेजर तयार नव्हते. "आपल्याला फक्त सँड मॉडेल येतं," म्हणाले. कारवाईआधी जवानांना मुलूख समजावा म्हणून फौजेत जमिनीवर मातीचा नकाशा मांडतात, ते. मी म्हटले, तेच करू या. सुतारकामाच्या शेडमधून लाकडाचा भुसा मिळाला, मी रांगोळीचे रंग नेले. मेजरांनी सर्वांत आधी उत्तर दिशेचा बाण काढला, मग मापाची दोरी ताणली. अकरा जण भोवती बसले. नदी मेजरांच्या गावची. मुंब्र्याच्या पोराने तिच्या काठी रेल्वे स्टेशन आणले. दिवाळे कोळीवाड्यातल्या एकाने काडेपेटीची होडी केली आणि नदीत भरती-ओहोटी हवी म्हणून हट्ट धरला. एकाने स्वतःचे घर स्टेशनापेक्षा मोठे मांडले, त्यावरून तासभर वाद! मेजर म्हणाले, "माप एक म्हणजे एक. आईला मोठं घर द्यायचं असंल तर बाहेर जाऊन दे." पोरगा आधी चिडला, मग हसला. शेते मेजरांनी सुरेख मांडली, हिरव्या रंगाच्या चार छटा. बांध मात्र एकही टाकला नाही. मी विचारले नाही.

तीन आठवड्यांत असे एक गाव तयार झाले की जे कुठल्याच तालुक्यात नाही. पुढे वर्गाला परवानगी देणाऱ्या साहेबांची बदली झाली, कुणीतरी मोठे पाहणीला येणार म्हणून आदल्या दिवशी सगळे झाडून काढले, आणि वर्गही थांबला.

आता मुद्द्याचे. तुरुंग गृहखात्याकडे, माजी सैनिक तुमच्याकडे. मेजर कुणाकडे? शिस्तभंगासाठी बडतर्फ झालेला माजी सैनिक ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नीट नोकरी करून, पेन्शन घेऊन घरी आलेला माणूस पुढे आत गेला, तर तुमच्या जिल्हा कार्यालयाला ते कळते का? राज्यातल्या तुरुंगांत असे किती जण आहेत, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. अमेरिकेचे न्याय खाते ही मोजदाद करते. २०११-१२ च्या त्यांच्या पाहणीत शंभर कैद्यांमागे ८ माजी सैनिक निघाले. बफेलो शहरात तर २००८ पासून माजी सैनिकांचे काही खटले वेगळ्या न्यायालयात चालतात. ब्रिटनमध्ये आर्थर कोस्लर या लेखकाने १९६२ मध्ये बंद्यांच्या कलेसाठी बक्षिसे सुरू केली. हा माणूस स्वतः १९३७ मध्ये स्पेनच्या तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत बसला होता. ती बक्षिसे आजही दिली जातात, लंडनमध्ये प्रदर्शन भरते, वस्तू विकल्याही जातात.

आपण मागासलेले आहोत, असे नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्येच आटपाडीजवळ बंद्यांसाठी स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली होती. आणि ठाण्याचा तुरुंग तर मुळात किल्लाच. पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. १९१० साली अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली ती इथेच. फौजेसाठी बांधलेल्या तटाआड एखाद्या फौजीने भुशाचा नकाशा मांडला, तर सुरक्षेला काय बाधा येणार आहे?

ठाणे आणि खारघरच्या तळोजा कारागृहात तुमच्या खात्याने गृहखात्याला सोबत घेऊन वर्षाला एक असे सामूहिक कलाकाम करावे. फौजींना वेगळे काढू नका, बाकीच्या बंद्यांत मिसळूनच करू द्या. मेजरांचे खरे कसब माणसे जुळवण्यात होते. आणि कृपा करून विषय देऊ नका! 'देशभक्ती' असा विषय मिळाला की तिरंगा, रणगाडा आणि उगवता सूर्य येतो, हे मी शाळेत तीस वर्षे पाहिले आहे. झालेले काम ध्वजदिनाच्या आठवड्यात कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात मांडा. विकले गेले तर पैसे बंद्यांच्या खात्यावर जावेत. नाव लावायचे की नाही, ते ज्याचे त्याला ठरवू द्या. आणि अधिकारी बदलला तरी काम चालू राहील, असा लेखी आदेश काढा. तोंडी परवानगीचे काय होते, ते वर लिहिलेच आहे.

मला मानधन नको. रंग मी आणीन, भुसा आत मिळतो. गेटवर पेन्सिली मोजून घ्यायला एक माणूस तेवढा द्या.

कळावे,
आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
नौपाडा, ठाणे