पावतीवर ‘नाईक’ लिहिणाऱ्या काकांना

घड्याळवाले काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. त्या दिवशी दुकानातून नुसतं ‘थँक्यू काका’ म्हणून निघाले, कारण पुढे बोलले असते तर तिथेच रडले असते. तेव्हा जे राहिलं ते आता लिहिते.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि सुट्टीच्या सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात, खिडकीशी बसून सैनिक रंगवायचे. ५४ मिलिमीटरचे, बोटाएवढे. पूना हॉर्सचे स्वार, मराठा पलटणीचे शिपाई. डोळे काढायला घेतले की आम्हाला घरात चालायची बंदी. माडीची जमीन लाकडी, कुणी पाऊल टाकलं की टेबल हलायचं, आणि तो डोळा मोहरीएवढासुद्धा नसायचा.

तुमच्याकडे आणला तो नाईक यशवंत घाडगे. नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा. माणगावकडचे, जेमतेम बावीस वर्षांचे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली. गोळ्या संपल्या, नव्या भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं हाणून मारलं. मग कुठूनतरी गोळ्या आल्या आणि ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वात मोठं पदक. असा सैनिक बाबांना विकत मिळेना. शेवटी दुसऱ्या एका शिपायाचा हात कापून, वळवून त्यांनी तो स्वतः बसवला.

वाडा पाडायला गेला, आम्ही कोथरूडला आलो. सामान हलवणाऱ्यांना मी तीनदा सांगितलं होतं की सैनिकांचं हे खोकं वर ठेवा. त्यांनी त्यावर मिक्सर ठेवला. नुकसानीच्या कागदावर लिहिलं, ‘जुनी खेळणी, १ खोकं’. बाबांना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मग मॉडेल्सची कामं करणाऱ्या एकाकडे गेले. त्यांनी नाइकाचा हात आठवड्यात जोडून दिला आणि वर कौतुकानं म्हणाले, “बंदूक उलटी होती, सरळ करून दिली.” सगळा रंग उतरवून नव्यानं छान रंगवून देतो, असंही म्हणाले. घरी येऊन मी तो हात स्वतःच पुन्हा मोडला. बाबांनी ज्यासाठी इतका खटाटोप केला, तेच त्या माणसानं चूक म्हणून पुसलं होतं.

आणि मग तुम्ही. कुणीतरी म्हणालं, रविवार पेठेत एक घड्याळवाले आहेत, त्यांचा हात हलका आहे. तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत, नाईक चिमट्यात नाही, बोटांत धरलात. बराच वेळ बघितलात. तळहातावर नळीचा करडा रंग लागलेला होता, तो माझ्याही कधी नजरेत आला नव्हता. मग विचारलंत, “ह्यानं बंदूक नळीकडून धरलीये. असंच आहे ना हे?”

मी मान हलवली. तुम्ही बाहीवरचे हुद्द्याचे दोन पट्टे पाहिलेत, पावतीपुस्तक ओढलंत, आणि जिथे तुम्ही रोज घड्याळाची कंपनी लिहिता तिथे लिहिलंत: ‘नाईक – १. उजवा हात. बंदूक नळीकडून.’

काका, पितळी तार कशी बसवलीत, भोक कसं पाडलंत ते मला कळत नाही. जोड दिसत नाही, बाबांच्या रंगाला धक्का लागलेला नाही. पण माझ्यासाठी मोठी ती पावती. बाबा गेल्यापासून त्या नाइकाला कुणी खेळणं म्हणालं, कुणी शोपीस, कुणी ‘ऑनलाइन नवीन मिळतात की’. त्याचा हुद्दा तुम्ही लिहिलात. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी, ही अशी का आहे, असं विचारणारा माणूस मला कित्येक दिवसांत भेटला नव्हता. पैसेही तुम्ही कुठल्याही घड्याळाचे घ्याल तेवढेच घेतलेत. कमी केले नाहीत, मेहेरबानी दाखवली नाही. ते काम म्हणून केलंत, हे मला फार बरं वाटलं.

दरवर्षी १० जुलैला बाबा नाइकाला कपाटातून काढायचे, मऊ ब्रशनं धूळ झटकायचे आणि दिवसभर खिडकीत ठेवायचे. यंदा ते मी केलं. पाऊस होता, उजेड कमी होता, पण वर उचललेला तो हात स्वयंपाकघरातूनही दिसत होता. आईनं ओट्यापाशी उभी राहून बघितलं आणि म्हणाली, “ह्यांनी केला होता तस्साच आहे गं.”

खोक्यात अजून सहा शिपाई आहेत. पुढच्या आठवड्यात घेऊन येते.

तुमची,
नाइकाची पावती जपून ठेवलेली मुलगी