सासूबाईंना घेऊन ऑरलँडोला जाताना

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मंजू,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळे ऑरलँडोला येताय हे कळलं आणि लगेच लिहायला बसले. राइड्सचं मुलं बघून घेतील. मला काळजी आहे ती तुझ्या सासूबाईंच्या जेवणाची. मागच्या वर्षी आईला घेऊन फिरले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली. एके ठिकाणी शाकाहारी म्हणून फ्रेंच फ्राइज घेतले आणि अर्धे खाऊन झाल्यावर कळलं की ते चिकनच्याच तेलात तळतात. आई एक शब्द बोलली नाही, पण रात्रीपर्यंत नुसत्या पाण्यावर राहिली. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तू तेलाचं आधी विचारत जा.

डिस्नीच्या पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेची बरणी आणि गरम करावं लागेल असं काही मात्र नको. दुसऱ्या दिवसापासून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपापडी बांधून नेली. काउंटरवर मागितलंस तर बर्फाचं पाणी फुकट देतात. युनिव्हर्सल या दुसऱ्या पार्कात पाण्याची बाटली, थोडा सुका खाऊ आणि पथ्याचं खाणं चालतं, पूर्ण जेवणाचा डबा नाही. तिथे हॅरी पॉटरच्या भागात मुलं बटरबिअर मागतीलच. नाव बिअरचं असलं तरी त्यात दारू नसते, हे सासूबाईंना आधीच सांग. पण त्या दिवशी त्यांना हॉटेलवर पोटभर नाश्ता करूनच ने.

डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कात अलोहा आइल म्हणून दुकान आहे. तिथलं अननसाचं डोल व्हिप, म्हणजे मऊ आइस्क्रीमसारखं असतं ते, आईला फार आवडलं. त्यात दूध नसतं. एपकॉट या डिस्नीच्याच दुसऱ्या पार्कात तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, प्रत्येकाचं आपलं खाणं. आई भारत शोधत राहिली. भारत त्यात नाही, आणि ते मला खरंच लागलं. सगळा फेरा दोनेक किलोमीटरचा आहे, तेव्हा व्हीलचेअर घे, संकोच करू नको.

आणि आता मुख्य गोष्ट. साना नावाच्या रेस्टॉरंटला जाच. ते पार्कात नाही, ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलमध्ये आहे, म्हणजे तिकीटही लागत नाही. तिथे ब्रेड सर्व्हिस मागव: नान, कुलचे, पराठे, आणि सोबत नऊ वाट्या. त्यात आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, लसणाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीला ते रायता म्हणतात, पण आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "दाण्याचं कूट हवं होतं गं." चार दिवसांत पहिल्यांदा ती जेवणाबद्दल आपणहून काही बोलली! समोर मोठ्या काचा आहेत, बाहेर माळरान. उजेड असतानाच जा, म्हणजे जनावरं दिसतात. एक जिराफ इतका जवळ आला की आई नानचा तुकडा हातात धरून बघतच राहिली. आम्ही दोन तास बसलो. कोणी उठा म्हणालं नाही. त्या सहलीत एवढं निवांत जेवण दुसरीकडे कुठे झालं नाही.

टेबलाची नोंदणी ६० दिवस आधी, इथल्या पहाटे उघडते. तुमच्या तारखा कळव. तू त्या गडबडीत पडू नकोस, मी इथून उठून टेबल धरते. खिडकीजवळचंच मागेन.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
वैशू