"कोणती पिन?" असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

डिप्लोमाच्या कॉलेजात ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरची किट कुलपात असायची. प्रॅक्टिकलला सहा जणांत एक मिळायचं. एकजण ओपकोड, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या आज्ञांचे आकडे, दाबायचा, बाकीचे जुन्या जर्नलमधून आउटपुट उतरवायचे. तास संपला की मेन स्विच बंद, रॅममधला प्रोग्राम गेला. "हात लावू नका, बिघडलं तर भरून द्यावं लागेल," हे इतक्यांदा ऐकलं की डिग्रीला आल्यावरही वायर उचलताना हात थरथरायचा. त्या लोकांबद्दलचा राग अजून गेलेला नाही. तीन वर्षं फुकट घालवली आमची.

तुम्ही मात्र पहिल्याच तासाला सांगितलंत, प्रत्येकाने आपापला पिको, म्हणजे रास्पबेरी पायचा तो छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, घ्या, घरी न्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला तो बोर्ड मी आईच्या बांगड्यांच्या डबीत ठेवायचे. रात्री दीड वाजता खोलीवर त्याचा हिरवा एलईडी माझ्या प्रोग्रामने लुकलुकला. सकाळी केबल पुन्हा लावली तर प्रोग्राम तसाच! फ्लॅश मेमरी म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

आणि मग मी तो जाळला. ४० नंबरच्या पिनेवरचे ५ व्होल्ट घाईत ३६ नंबरला दिले, जिथं ३.३च असतात. चिप चटका बसेल इतकी तापली. घरून पुन्हा पैसे कुठल्या तोंडाने मागायचे, या विचाराने मला रडू फुटलं.

तुम्ही जवळ आलात आणि एवढंच विचारलंत, "कोणती पिन?"

कोणी केलं, लक्ष कुठं होतं, काही नाही. मी बोट ठेवलं. तुम्ही पर्समधून तुमचा स्वतःचा पिको काढलात, चिकटपट्टीचा बारीक तुकडा फाडून त्यावर "३.३" लिहिलंत, त्या पिनेच्या बाजूला चिकटवलात आणि बोर्ड माझ्या हातात दिलात. वर्गात कुणाला कळलंही नाही. शिकणाऱ्याच्या हातून चूक झाली तर त्याला चारचौघांत उघडं न पाडणं, एवढी माणुसकी किती थोड्यांकडे असते, मॅडम! मोठमोठ्या लॅब बघितल्या, ती तिथं दिसली नाही.

त्या दिवसापासून माझा हात थरथरला नाही.

तुमचा बोर्ड उत्तम चालू आहे, पट्टीही तशीच आहे. फायनल प्रोजेक्ट त्याच्यावरच केला. सबमिशन झालं की आणून देते.

तुमची विद्यार्थिनी