तुझा अर्ज नाकारलेला नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"हेपॅटायटिस बी निघाल्यावर आता मला कोण विमा देणार?" हे तू असं लिहिलंयस की जणू आयुर्विमा कंपनीत नोकरीला तूच आहेस. नोकरीला मी आहे. लोकांचे अर्ज वाचून ‘घ्या’, ‘जास्त हप्त्यानं घ्या’, ‘तूर्त थांबवा’, ‘नको’ असे शेरे मारण्यातच माझा दिवस जातो. तेव्हा या एका बाबतीत तरी माझं ऐक.

पहिली गोष्ट. कंपनीच्या पत्रातली जी ओळ तू उतरवून पाठवलीस, ती नीट वाच. "सहा महिन्यांनंतर नव्या तपासण्यांसह पुन्हा अर्ज करावा." याला आमच्याकडे नकार म्हणत नाहीत, अर्ज पुढे ढकलणं म्हणतात. हा फरक कागदावर फार मोठा आहे. पुढच्या प्रत्येक अर्जात विचारतील, याआधी कुठल्या कंपनीनं तुमचा अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्ता मागितला का? तिथे रागाच्या भरात ‘नाकारला’ लिहिलंस तर स्वतःच्याच हातानं डाग लावून घेशील. ते पत्र जपून ठेव.

त्यांनी का थांबवलं हे मला तुझे कागद बघताच कळलं. लिव्हरच्या या विषाणूचं निदान नुकतंच झालेलं, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८, म्हणजे वाढलेलं, विषाणूचं प्रमाण सांगणारा डीएनए रिपोर्ट जोडलेलाच नाही. एका फोटोवरून गाडी उभी आहे की धावतेय हे कळत नाही, तसंच एका तपासणीवरून लिव्हर शांत आहे की धुमसतंय हे सांगता येत नाही. हा संसर्ग जुनाट आहे असं म्हणायलाच मुळात विषाणूच्या पृष्ठभागाचं अँटिजन (रक्तात सापडणारी त्याची खूण), म्हणजे एचबीएसएजी, सहा महिन्यांहून जास्त काळ पॉझिटिव्ह राहावं लागतं. त्यांच्या जागी मी असतो तरी हाच शेरा मारला असता.

आता आम्ही हिशेब कसा करतो ते सांगतो, म्हणजे मनातली भीती जरा मापात येईल. १९१९ साली न्यूयॉर्क लाइफ कंपनीच्या रॉजर्स आणि हंटर या दोघांनी जोखीम आकड्यांत मांडायची एक पद्धत प्रसिद्ध केली. रॉजर्स डॉक्टर, हंटर ॲक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारा. आजही जगभर बहुतेक ठिकाणी तिचीच पिल्लं वापरात आहेत. सर्वसाधारण माणूस म्हणजे १००. प्रत्येक दोषासाठी त्यात काही गुण वाढवायचे, चांगल्या गोष्टीसाठी काही कमी करायचे. तू १५० वर आलास तर तुझ्यासारख्यांच्या गटात मृत्यू दीडपट धरले जातात, आणि हप्त्यातला जोखमीचा भागही त्याच हिशेबानं वाढतो. २०० म्हणजे दुप्पट. चारशे-पाचशेच्या पुढे बहुतेक कंपन्या हात वर करतात. १०० आणि ५०० यांच्यामध्ये केवढी जागा आहे बघ. तू मात्र ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोनच खोल्या धरून बसला आहेस.

या हिशेबात आजाराच्या नावाला फारसं वजन नसतं. माझ्यापुढे हेपॅटायटिस बीच्याच दोन फायली येतात आणि एक १२५ ला सुटते, दुसरी सरळ परत जाते. पहिल्यात एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) निगेटिव्ह, विषाणू मिलिलिटरमागे २,००० युनिटच्या खाली, एसजीपीटी वर्षानुवर्षं नॉर्मल, सोनोग्राफी स्वच्छ. दुसऱ्यात प्लेटलेट दरवर्षी घसरत चाललेल्या आणि प्लीहा वाढलेली. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या फाइलीत एसजीपीटी अनेकदा अगदी नॉर्मल असतो. लोक त्या एका आकड्याला धरून बसतात. पण एसजीपीटी म्हणजे आज किती पेशी फुटताहेत याची खबर. लिव्हर आतून किती घट्ट झालंय हे तो सांगत नाही. सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होऊन गेलेलं, असूनही तो नॉर्मल राहू शकतो. म्हणून आमचा डोळा प्लेटलेट, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) यांवर जास्त असतो. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताचा दाब मागे वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. रक्तातला घसरता आकडा बऱ्याचदा बाकी लक्षणांच्या आधी ही गोष्ट सांगून जातो.

एफआयबी-४ नावाचं एक साधं गणित आहे. वयाला एसजीओटीनं (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) गुणायचं, आणि प्लेटलेटला (हजारांत) एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणून जो आकडा येईल त्यानं भागायचं. वय ४१, एसजीओटी ५२, प्लेटलेट २२८, एसजीपीटी ७८. तुझं उत्तर आलं १.०६. १.४५ च्या खाली असेल तर लिव्हर व्रणांनी फार घट्ट झाल्याची, म्हणजे जास्त फायब्रोसिसची, शक्यता कमी धरतात. हे निदान नव्हे, फायब्रोस्कॅन तुला करावाच लागेल. पण तुझ्या पत्रातला सूर आणि हा आकडा यांचा मेळ बसत नाही एवढं नक्की.

तुला आणखी एक शंका आहे की तपासण्या जितक्या कराव्या तितका पुरावा आपल्याच विरुद्ध गोळा होतो. अगदी उलटं आहे. हेपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस नसतानाही लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून तुझ्या वयाच्या पुरुषाला डॉक्टर सहसा दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात. ती वेळच्या वेळी करणाऱ्याची फाइल हातात आली की मला हायसं वाटतं. निदान झाल्यावर चार वर्षं डॉक्टरकडे न फिरकलेला माणूस कितीही ठणठणीत दिसो, त्याचा अर्ज मी बाजूला ठेवतो. औषधाचंही तेच. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर या विषाणू दाबणाऱ्या गोळ्या सुरू केल्यावर विषाणू रक्तात सापडेनासा झाला, तर ती आमच्या दृष्टीनं जमेची बाजू. डॉक्टरांनी गोळी सुरू केली तर ‘अर्जात दिसेल’ म्हणून टाळू नकोस, आणि सुरू केलेली मनानं बंद तर मुळीच करू नकोस. अशी बंद केलेली गोळी आजार एकदम उसळवू शकते.

दारूचा प्रश्न येईल. ‘कधीमधी’ असं उत्तर लिहू नकोस, ते वाचून आम्ही नेहमी वाईटच अर्थ काढतो. आठवड्याला किती, आकडा लिही. जीजीटी (दारूनंही वाढणारं लिव्हरचं एन्झाइम) वाढलेलं दिसलं की काही कंपन्या सीडीटी नावाची वेगळी रक्ततपासणी करतात, त्यात नियमित भरपूर पिणं उघडं पडतं. एरवी चालून गेलं असतं इतकं पिणंसुद्धा लिव्हरच्या आजारासोबत दिसलं तर खपत नाही. शून्य हे उत्तर सगळ्यात सोपं. तुझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं असणार.

आता त्या एजंटबद्दल. "दुसऱ्या कंपनीत ‘आजार नाही’ असं लिहून टाकू, तपासणी होणारच नाही" हा त्याचा सल्ला वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी कार्टर विरुद्ध बोह्म या खटल्यात म्हटलं, की विम्यातली महत्त्वाची माहिती बहुतेक करून विमा घेणाऱ्यालाच ठाऊक असते आणि कंपनी त्याच्या सांगण्यावर विसंबते, म्हणून लपवाछपवी चालणार नाही. जगभरातल्या विम्याच्या कायद्यात तो विचार या ना त्या रूपात मुरला आहे. बऱ्याच देशांत काही वर्षांनंतर कंपनीला जुन्या माहितीवर बोट ठेवणं अवघड होतं, हे खरं. एजंट नेमकं तेवढंच सांगतो. पण त्या मुदतीच्या आत काही झालं तर? दाव्याची छाननी होईल तेव्हा खुलासा करायला तू नसशील. चौकशी करणाऱ्यासमोर वहिनी बसलेल्या असतील आणि त्याच्या हातात दवाखान्याचा कागद असेल, ज्यावर डॉक्टरांनी सवयीनं ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ आणि निदानाची तारीख लिहिलेली असेल. असे दावे मी जवळून पाहिले आहेत. त्यावर आणखी लिहीत नाही.

तर आता करायचं काय? सहा महिने थांब, पण रिकामा थांबू नकोस. डीएनए, एचबीईएजी, फायब्रोस्कॅन, सोनोग्राफी होऊ दे आणि एसजीपीटी मधे एकदा, शेवटी एकदा. मग डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घे. निदान कधी झालं, आजार कोणत्या अवस्थेत आहे, फायब्रोसिस किती, औषध कोणतं, पुढची तपासणी कधी, एवढंच. ‘प्रकृती समाधानकारक’ असल्या पत्राचा आम्हाला काडीचा उपयोग नसतो.

अर्ज मात्र एका दमात पाच ठिकाणी टाकू नकोस. जाणकार एजंट किंवा ब्रोकर नाव न देता, फक्त वैद्यकीय तपशील पाठवून, दोन-तीन कंपन्यांना आधी विचारू शकतो. कंपन्यांची नियमपुस्तकं बहुधा त्यांच्या पुनर्विमा कंपन्यांकडून, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांकडून, येतात आणि ती एकसारखी नसतात. एकीकडे १७५ ठरलेला माणूस दुसरीकडे १५० ला बसलेला मी पाहिला आहे. नोकरीतून मिळणारा सामूहिक विमा ठरावीक रकमेपर्यंत बऱ्याचदा वैद्यकीय तपासणीशिवाय मिळतो. तो आजच तपास, फक्त नोकरी सुटली की तो सहसा सुटतो हे लक्षात ठेव. ‘एकही प्रश्न न विचारता विमा’ अशा जाहिरातींकडे मात्र तूर्त बघू नकोस. रक्कम लहान, हप्ता जबर, आणि सुरुवातीच्या काही काळात आजारानं मृत्यू आला तर बहुतेक योजना पूर्ण रक्कम देत नाहीत. ते दार ज्यांची बाकी सगळी बंद झाली त्यांच्यासाठी आहे.

जादा हप्ता मागितला तर अपमान समजून पॉलिसी परत करू नकोस. हप्ता झेपत नसेल तर विम्याची रक्कम कमी कर किंवा मुदत कमी कर. घराचं कर्ज फिटेपर्यंत आणि मुलं मिळवती होईपर्यंत संरक्षण मिळालं की मुख्य काम झालं. वर्ष-दोन वर्षं रिपोर्ट चांगले राहिले तर फेरविचाराची विनंती करता येते. दुसरीकडे स्वस्त मिळाली तर ती हातात पडल्यावरच पहिली सोडायची. गंभीर आजाराचं जोडकलम (रायडर) कदाचित देणार नाहीत, किंवा लिव्हर वगळून देतील. त्यावर भांडत बसू नकोस.

नवे रिपोर्ट आले की मला पाठव, अर्जाचा मसुदा आपण एकत्र बसून भरू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र

ता. क. वहिनींची आणि मुलांची एचबीएसएजी तपासणी करून घे, आणि निगेटिव्ह आली तर लस पूर्ण झाली आहे का ते बघ. तुझ्या दादालाही सांग. मोठेपणी लागण झालेल्यांपैकी शंभरात पाचांहून कमी लोकांत हा आजार कायमचा राहतो, जन्माच्या वेळी आईकडून आलेला मात्र सुमारे नव्वदांत राहतो. त्यामुळे तुझा संसर्ग लहानपणापासूनचा असायची शक्यता बरीच आहे, आणि तसं असेल तर दादालाही तो आईकडूनच आलेला असू शकतो. त्याचं रक्त आणखी वेळ न दवडता तपासायला हवं.