ताट वेगळं करू नका, रेझर वेगळं करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मागे काविळीवर चौकट आली होती, पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, उसाचा रस टाळा वगैरे, आणि खाली एका ओळीत हिपॅटायटीस ए, बी, सी, ई सगळे एकत्रच टाकून दिलेले. ए आणि ई साठी सल्ला एकदम बरोबर आहे, २०१२ ला इचलकरंजीत साथ आली ती ई चीच होती, दूषित पाण्यामुळे. पण बी चा, ज्याला आपल्याकडे लोक पांढरी कावीळ म्हणतात, पाण्याशी काडीचा संबंध नाही हो. मी चिपळूणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि असल्या एका ओळीने घरात काय होतं ते रिपोर्टच्या काउंटरवर नेहमी बघतो, म्हणून लिहितोय.

एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटीस बी ची रक्ताची टेस्ट, पॉझिटिव्ह आली की लोकांचा पहिला प्रश्न औषधाचा नसतोच, ताट-वाटी वेगळी ठेवायची का हा असतो. एका गरोदर मुलीचा रिपोर्ट असा आला तर सासूबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "तू आता चुलीकडे येऊ नकोस गं," आणि ती बिचारी कागदाची घडी घालत गप्प उभी. एका ताटात जेवून, मिठी मारून, खोकल्या-शिंकल्याने हे पसरत नाही. पसरतं ते रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. आणि बघा, ताट वेगळं करणाऱ्या याच घरात बाप-लेक एकच रेझर वापरतात, नेलकटर तर अख्ख्या घराला मिळून एक. व्हायरस शरीराबाहेर ७ दिवस तरी टिकतो, ब्लेडवर सुकलेला रक्ताचा बारीक डाग पुरतो त्याला. जत्रेत गोंदवून घेतात तिथे सुई बदलली का कोणी विचारत नाही. २००९ ला गुजरातमध्ये मोडासाला वापरलेल्या सिरिंज परत वापरल्यामुळे बी ची साथ आली आणि माणसं गेली, तेव्हा इंजेक्शन घेताना पाकीट समोर फोडायला सांगायला लाजू नका, डॉक्टर ओळखीचे असले तरी.

आता त्या मुलीचं. तिने विचारायला हवं होतं ते हे, की बाळाचं काय? बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन, ते शक्यतो १२ तासांच्या आत. हे इंजेक्शन प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं असेलच असं नाही, त्यामुळे कळा सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा नाव घालतानाच विचारून ठेवा. आईच्या रक्तात व्हायरसचं प्रमाण जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला गोळ्याही देतात. एवढी घाई का, तर मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पाचसुद्धा कायमचे वाहक होत नाहीत, बाकीच्यांचं शरीर व्हायरसला हुसकावून लावतं, पण जन्मताना लागण झालेल्या बाळांत हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे आणि पुढे त्यातल्या काहींत तिशी-चाळिशीत तेच लिव्हर सिरॉसिस नाहीतर कॅन्सर घेऊन समोर येतं. बाळाला लस दिली असेल तर आईने दूध पाजायला काहीच हरकत नाही, हे आजीला कोणीतरी समजावून सांगा.

आपल्या कोकणात अजून एक प्रकार. पोरगा गल्फला जायला निघतो, मेडिकलला जातो आणि बी पॉझिटिव्ह म्हणून अनफिट. तोपर्यंत त्याला काही म्हणजे काही त्रास नसतो, डोळे पांढरेशुभ्र, जेवण व्यवस्थित, क्रिकेट खेळतोय. मग घरचे त्याला नाकात औषध घालणाऱ्याकडे नेतात, गळ्यात माळ, चुन्याच्या पाण्यात हात, पाणी पिवळं झालं म्हणजे उतरली म्हणे. अहो त्याला कावीळ झालीच कुठे होती? ए ची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण बरी होते आणि क्रेडिट माळेला जातं, बी मात्र माळ घालूनही आत तसाच राहतो. त्याला खरी गरज असते लिव्हरच्या टेस्ट, व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते), सोनोग्राफी आणि दर सहा महिन्यांनी दाखवण्याची. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, पण ज्यांना टेनोफोविर किंवा एन्टेकाविर सुरू केलंय त्यांनी बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नये, आजार एकदम उसळतो. २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम आहे, त्यात टेस्ट आणि औषधं फुकट मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. हे लोकांना माहीतच नाही, खासगीत पैसे घालवत बसतात.

लहान मुलांना लस आता सरकारी लसीकरणात मिळते, पण देशभर ती २०११ च्या सुमारास पोचली, म्हणजे आज जे वीस-पंचवीसच्या पुढचे आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना मिळालेलीच नाही. घरात एक जण पॉझिटिव्ह निघाला तर नवरा-बायको, आई, भावंडं सगळ्यांनी टेस्ट करावी, निगेटिव्ह येईल त्याने ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस पूर्ण करावेत. (तिसरा डोस निम्मे लोक विसरतात असा माझा अंदाज.)

तेव्हा पुढची चौकट छापाल तेव्हा ए-ई एकीकडे आणि बी-सी दुसरीकडे अशी छापा, आणि बी च्या खाली जिल्हा रुग्णालयातल्या मोफत तपासणीची वेळ टाका, पावसाळ्याच्या पुरवणीत जागा असतेच की.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, चिपळूण