मावशी, तुमच्यामुळं मेसमधले पॅनकेक फुगायला लागले

ती. मावशी,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही लेकाकडं पुण्याला राहायला गेलात तेव्हा सामानाच्या गडबडीत नीट बोलणं झालंच नाही. फोनवर आभाराचं काढलं की तुम्ही लगेच "पोरी जेवल्या का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही मला जे शिकवलंत ते आणखी चार घरांत पोचलं तर तुम्हाला आभारांपेक्षा जास्त आवडेल, हे मला माहीत आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. लातुरात औसा रोडच्या आतल्या बाजूला माझी मुलींची मेस आहे. अहमदपूर, कंधार, गंगाखेड, परळी, कुठून कुठून पोरी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला येतात. घर सोडून राहिलेल्या, रोज क्लास, अभ्यासिका, टेस्ट. रविवारचा नाश्ता हा त्यांचा हक्काचा. सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा), धपाटे, उपीट त्या आवडीनं खातात, पण मोबाइलवर बघितलेले ते जाडजूड, कापसासारखे पॅनकेक त्यांना हवे होते. बाहेर एका प्लेटीला जे मोजावं लागतं ते बहुतेकींना परवडत नाही. तेव्हा घरीच करायचे ठरवलं आणि अडलं. अमेरिकन कृतीत लिहिल्याप्रमाणं ताक घालून सगळं बरहुकूम केलं तरी तव्यावर धिरड्यासारखे पातळ पसरत होते. तुम्ही समोरच्या घरातून आलात, काही न बोलता ताकाच्या पातेल्यात पळी बुडवून वर धरलीत आणि म्हणालात, "हे ताक प्यायचं हाय गं. त्यांचं ताक असं नसतंय."

परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकून पुढं डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई शेजारी राहते, हे माझं भाग्यच. तुम्ही समजावलंत की अमेरिकेत बाटलीतून जे ताक मिळतं ते कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं असतं. त्यात पाणी घालत नाहीत, त्यामुळं ते पातळ दह्याएवढं दाट असतं. आपण दह्यात दुप्पट पाणी घालून, जिरं-मीठ टाकून ताक करतो. ते पॅनकेकला वापरलं की दोन्हीकडून फटका बसतो. पीठ सैल होतं, शिवाय आंबटपणा पाण्यात विरतो आणि सोड्याला काम करायला आम्लच उरत नाही. उपाय तुम्ही तिथंच करून दाखवलात. तीन वाट्या दही, एक वाटी पाणी, रवीनं घुसळायचं. पळी बुडवून काढली की तिची पाठ झाकलेली दिसली पाहिजे. एवढीच खूण. आपल्याकडचं म्हशीच्या दुधाचं दही तर यासाठी फार उत्तम.

पण मला जे आयुष्यभर पुरेल ते पुढचं आहे. सोडा किती घालायचा असं मी विचारलं, तर तुम्ही आकडा सांगितला नाहीत. ओट्याशी उभ्या असलेल्या अहमदपूरच्या पोरीला म्हणालात, "तू डॉक्टर व्हायलीस ना? मग मांड बरं गणित." तिनं टेस्टच्या पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडलं. दाट ताकात लॅक्टिक आम्ल साधारण ०.८ ते ०.९ टक्के. एक कप म्हणजे २४० मिलि. धरलं तर आम्ल झालं दोन ग्रॅमच्या आसपास. ९० ग्रॅम लॅक्टिक आम्लाला ८४ ग्रॅम खायचा सोडा लागतो. म्हणजे कपभर ताकाला सोडा एक पूर्णांक नऊ ग्रॅम, अर्ध्या चमच्याला जरा कमी. तिनं पेन खाली ठेवलं आणि हसायलाच लागली. हेच प्रकरण ती आठवडाभर घोकत होती. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि तव्यावर ते फुगतात. तो कागद तेलाच्या डागासकट अजून माझ्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

मावशी, माझं शिक्षण दहावीला थांबलं. विज्ञान म्हणजे इतरांच्या पोरांचा विषय, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही मला त्या हिशेबात सोबत बसवलंत. मधे मधे थांबून मलाच विचारलंत, "मग ताक पातळ असलं तर सोडा कमी का जास्त?" मी "कमी" म्हणाले, तेव्हा तुम्ही पोरीकडं बघून मान हलवलीत. त्या मान हलवण्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

हे कळल्यामुळं ऋतू बदलले तरी माझं काही अडत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की सकाळी लागलेलं दही दुपारी जिभेला झोंबतं. थंडीत तेच दही रात्रभर ठेवलं तरी गोडसर राहतं. छापील कृतीला आपला उन्हाळा काय माहीत? मी आता आधी ताक जिभेवर घेते. गोड असेल तर सोडा कमी करते आणि बेकिंग पावडर किंचित वाढवते. फारच आंबट असेल तर ते कढीला ठेवते आणि ताजं दही घेते. "कमी आंबट ताकात सोडा जास्त पडला की पॅनकेकला साबणाची चव येती आणि पिवळे ठिपके पडत्यात," हे तुमचं वाक्य आता माझ्या मदतनीस बाईलाही पाठ आहे.

माप लिहून देते, कारण पोरींच्या आया विचारतात. मैदा दोन कप, म्हणजे २५० ग्रॅम. त्यात बेकिंग पावडर सपाट दीड चमचा, सोडा एक चमच्याला थोडा कमी, मीठ अर्धा चमचा, साखर दोन मोठे चमचे. दुसऱ्या पातेल्यात दाट ताक दोन कप, अंडी दोन, वितळवून कोमट केलेलं लोणी पाव कप. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, चहाचा घरातला कुठलाही नव्हे. निम्मी कणीक घालायची असेल तर ताक दोन-तीन मोठे चमचे वाढवायचं, कारण कणकेतला कोंडा जास्त ओढून घेतो, आणि पीठ पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. ज्वारीचं पीठ पाव हिश्श्यापर्यंत छान लागतं. त्यापुढं गेलं की पॅनकेक उलटताना तुटतो, ज्वारीत चिकटपणा धरणारं ग्लूटेन नसतं म्हणून.

आता कालवण्याबद्दल. भज्याचं पीठ फेटायची सवय असलेल्या हाताला इथं थांबणं जड जातं. तुम्ही माझं मनगट धरून म्हणाला होतात, "किती घोटायलीस गं! सोड की आता, गाठी राहू दे." ओलं आणि कोरडं एकत्र केलं की चमच्यानं खालून वर अशा मोजक्या फेऱ्या द्यायच्या. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात काढायचा. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लूटेन ताणतं आणि पॅनकेक रबरासारखा चिवट होतो. बारीक गाठी दहा मिनिटांत आपोआप मुरतात. गुठळ्या दिसणाऱ्या पिठाला हात न लावणं ही मला तुमच्या शिकवणीतली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते, आणि सगळ्यात उपयोगाची.

मेससाठी तुम्ही सुचवलेली युक्ती कुठल्याच कृतीत लिहिलेली मी बघितली नाही. घरात चार माणसांचे पॅनकेक एका दमात होतात. माझ्याकडं पोरी टप्प्याटप्प्यानं येतात, आणि सोडा तर ताकाला भेटल्या क्षणापासून गॅस सोडायला लागतो. सगळं पीठ एकदम कालवलं तर पहिला घाणा फुगतो आणि शेवटचा बसतो. बेकिंग पावडरमधला काही भाग तव्याच्या उष्णतेनं जागा होतो, म्हणून थोडा आधार असतो, पण तो किती वेळ पुरणार? तेव्हा कोरडं एका डब्यात, ओलं फ्रीजमध्ये, आणि पोरी बसल्या की त्यांच्यापुरतंच एकत्र करायचं. कोरडा डबा तर मी शनिवारी रात्रीच भरून ठेवते.

तव्याचं तंत्र तुम्ही भिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्यावर शिकवलंत. मध्यम आच, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचला पाहिजे. नुसता बसून चुर्र झाला तर तवा अजून तापायचाय. धिरड्याला आपण अर्धा कांदा फिरवतो, तो इथं चालत नाही, गोडाला वास धरतो. तुपाचं फडकं फिरवायचं, तेही पुसट. तूप जास्त झालं की रंग एकसारखा येत नाही. एक पळी पीठ मधोमध ओतायचं, पसरवायचं नाही, ते स्वतःच आपला गोल धरतं. झाकण ठेवायचं नाही, कारण बुडबुडे बघायचे असतात. आधी वर बुडबुडे येतात, मग फुटतात, पण फुटल्यावर भोक बुजून जातं. तेव्हा उलटायचं नाही. भोकं उघडी राहायला लागली आणि कडेची ओली चमक गेली की उलथणं घालायचं, एकदाच. आणि उलटल्यावर वरून दाबायचं नाही, दाबलं की इतका वेळ धरून ठेवलेली हवा एका क्षणात जाते. दोन घाण्यांनंतर भिडं फार तापतं, तेव्हा आच कमी करायची. हे सगळं बघायला तुम्ही मला तव्यावर वाकवून उभं केलं होतंत, आणि वाफ तोंडावर घेत मी त्या भोकांकडं बघत राहिले होते. आता बारकी पोरगीसुद्धा लांबून सांगते, "काकू, झालं, पलटा."

अंडं न खाणाऱ्या पोरी माझ्याकडं बऱ्याच आहेत, आणि श्रावणात तर जवळजवळ सगळ्याच. त्यांना वेगळं, कमी प्रतीचं काही मिळू नये ही माझी फार इच्छा होती. तेव्हा तुम्ही आल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितलीत. बर्मिंगहॅममधला रसायनं-औषधांचा दुकानदार. बायकोला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं म्हणून त्यानं १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर तयार केली. "म्हणजे ही पावडर जल्मलीच अंडं-यीस्ट न चालणाऱ्या माणसासाठी," असं तुम्ही म्हणालात, आणि बिनअंड्याचं माप बसवून दिलंत. दर अंड्यामागं तीन मोठे चमचे घट्ट दही, बेकिंग पावडर पाव चमचा जास्त, आणि पॅनकेक जरा लहान घालायचे, म्हणजे उलटताना मोडत नाहीत. दोन्ही ताटं शेजारी ठेवली तर कुठलं अंड्याचं ते वरून ओळखू येत नाही. वैजापूरकडच्या एका माळकरी घरातल्या पोरीनं ते पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत बसून खाल्ले.

वरून घालायला कॅनडा-अमेरिकेत मेपलच्या झाडाचा पाक असतो. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर होतो, मग महाग का असणार नाही! आपल्याकडं गुऱ्हाळात गूळ होण्याआधीची काकवी आहे. गरम पॅनकेकवर लोण्याचा गोळा आणि वरून काकवीची धार. हे मला मेपलच्या बदली घेतलेलं वाटत नाही, ते मला जास्तच आवडतं. ताकाच्या आंबटपणाला काकवीचा किंचित खारट गोडवा फार धरून राहतो. जून महिन्यात केसर आंब्याच्या फोडी, आणि दिवाळीच्या आसपास बीडच्या सीताफळाचा गर. तोही नुसता, साखर न घालता.

मावशी, तुम्ही मला कधी "हे तुला नाही कळायचं" म्हणाला नाहीत. रविवारची तुमची पूजा लवकर आटपून तुम्ही माझ्या ओट्याशी यायचात, आणि काम संपलं की एक पॅनकेकसुद्धा घरी न्यायला तयार नसायचात. जाताना मापाच्या चमच्यांचा संच मात्र माझ्या डब्यात ठेवून गेलात, मला न सांगता. तो मला सोमवारी सापडला. अहमदपूरच्या पोरीला वैद्यकीयला प्रवेश मिळाला. तिनं फोन केला तेव्हा आधी तुमचाच नंबर मागितला. मी दिलाय, तेव्हा अनोळखी नंबर बघून फोन कट करू नका.

पुण्याला येणाऱ्या पाहुण्याबरोबर काकवीची एक बाटली आणि ज्वारीचं पीठ पाठवलंय. काकवी फ्रीजमध्ये ठेवू नका, फार घट्ट होते. गौरीला याल ना? तुमच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे, झाडून-पुसून ठेवते.

तुमची,
समोरच्या घरातली भाची
लातूर