भिगवणसारखी पाहणी निपाणीतही व्हावी

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या संशोधनावरचा लेख वाचला. 1996 साली त्यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, त्यातल्या सुमारे 18 टक्क्यांना सांध्यांचं नाहीतर स्नायूंचं काहीतरी दुखणं निघालं. आमवात, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार, अर्धा टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या हिशेबाने पाच हजार प्रौढांच्या गावात पंचवीस माणसं झाली. आणि त्यात बायकाच जास्त.

मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ही मोजणी घरोघर जाऊन झाली. दवाखान्यात येईल तोच मोजायचा म्हटलं, तर आमच्या निपाणीच्या विडी कामगार बाया कधी मोजल्याच जाणार नाहीत. आमच्या गल्लीतल्या एकीची बोटं सकाळी तासभर मिटत नाहीत. पानं कापायची कात्री तोवर लेकीच्या हातात. विडी सैल वळली की छाटात, म्हणजे नापास मालात जाते, मजुरी बुडते. सगळे तिला सांगतात, "विड्या वळून होतंय, चालायचंच." कामाने बोटं दुखतात हे खरंच. पण ते दुखणं विश्रांतीने उतरतं. आमवाताची बोटं रात्रभर झोप काढूनही सकाळीच जास्त आखडतात. एवढा फरक कुणी विचारत नाही. मग पुडीतल्या गोळ्या सुरू होतात. त्यात स्टेरॉइड असलं की चार दिवसांत सूज उतरते, डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणून गर्दी वाढते, आणि आत सांधा झिजत राहतो तो राहतोच. एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत.

जी मिरज-कोल्हापूरपर्यंत पोचते तिला बहुधा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध मिळतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर ते इंग्रजीत, तेही डॉक्टरी अक्षरात!

बेळगावात बिम्स आहे, जेएनएमसी आहे, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयं. त्यांनी निपाणी-खानापूरच्या चार गावांत आशाताईंना घेऊन अशी पाहणी करावी. प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये छापावेत, ज्या घरात जी भाषा बोलतात तीत विचारावेत. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. बोटांना तेवढी सवड नाही. बीपी-शुगरची विचारपूस गावोगाव होतेच, त्यात "सकाळी बोटं किती वेळ आखडतात?" हा एक रकाना वाढवायला वेगळा निधी कशाला लागतो? आणि मेथोट्रेक्सेटची सूचना आपणही येत्या पुरवणीत मोठ्या अक्षरांत, चौकट करून छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, निपाणी